नर्सिंगच्या मुलीने इतिहास का शिकायचा? अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांमधल्या सामान्य शिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात, नर्सिंगची असोसिएट पदवी (दोन वर्षांची पदवी) घेणाऱ्या मुलीलाही निबंधलेखन, गणित, समाजशास्त्र असे विषय घ्यावे लागतात. त्यांना तिथे ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात. हे विषय तिच्या वाट्याला कसे आले, ते समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनिअर कॉलेज निघालं; कम्युनिटी कॉलेजांना तेव्हा ज्युनिअर कॉलेज म्हणत. पहिल्या तुकडीत विद्यार्थी सहा. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची कल्पना अशी की पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील. (आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, ते वेगळं.) विद्यापीठ पहिल्या दोन वर्षांत जे शिकवी, तेच इथेही शिकवायचं, एवढाच तेव्हाचा हिशेब होता.

चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या जीआय बिलामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळू लागला आणि कॉलेजं भरून गेली. १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी त्याचा अहवाल येऊ लागला. गावोगावी कम्युनिटी कॉलेजं हवीत, असा त्याचा आग्रह होता. त्याच अहवालात सामान्य शिक्षणाची अकरा उद्दिष्टंही होती. विद्यार्थ्याने जाणता नागरिक व्हावं, जगातले लोक एकमेकांवर किती अवलंबून आहेत हे ओळखावं, दुसऱ्याचं म्हणणं समजून घ्यावं आणि आपलं नीट मांडावं, स्वतःचं आरोग्य जपावं, साहित्य-संगीताचा आनंद घ्यावा, चिकित्सक विचार करावा. या यादीत विषयांची नावं नाहीत. माणूस कसा घडावा हे आहे. हुकूमशाहीने उच्चशिक्षित समाजांनाही कसं गिळलं ते नुकतंच दिसलेलं असताना ही यादी तयार झाली, म्हणून तिच्यात एवढी कळकळ आहे. मला तर हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो.

कॅलिफोर्नियात बी. लामार जॉन्सन यांनी ज्युनिअर कॉलेजांचा अभ्यास करून १९५२ मध्ये अशीच बारा उद्दिष्टं मांडली. त्यांत गृहजीवन होतं, व्यवसाय होता, एखादी सर्जनशील कृतीही होती.

पुढे मात्र ट्रान्सफरचं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचं, गणित वरचढ झालं. १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने, म्हणजे उच्च शिक्षणाच्या राज्यव्यापी आराखड्याने, विद्यापीठांचे दरवाजे गुणवत्तेनुसार वाटून दिले. बाकीच्यांनी कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करून मग विद्यापीठात जायचं. तिथे आधीच्या विषयांचे क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) मान्य होणार का, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या खिशाशी आणि वर्षांशी जोडलेला असतो, त्यामुळे तो क्षुल्लक म्हणता येत नाही. पण त्यापायी उद्दिष्टांच्या जागी रकाने आले: अमुक इतकं विज्ञान, तमुक इतकी कला.

विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय येतं, हा प्रश्न परत आला तो अधिस्वीकृतीच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून मान्यता देण्याच्या, वाटेने. २००२ पासून कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, लिहून त्या तपासणं भाग पडलं. चिकित्सक विचार आणि संवादकौशल्य पुन्हा कागदावर आलं, या वेळी मोजमापासह. ज्याचं मोजमाप सोपं, त्याकडे जास्त लक्ष जाणं यात ओघानेच आलं.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये आपल्या सर्व पदवी कॉलेजांसाठी ३० क्रेडिटचा समान गाभा लागू केला, तेव्हा प्राध्यापकांची संघटना न्यायालयात गेली होती. अभ्यासक्रम कोणी ठरवायचा, हा वाद होता. कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्याने युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्ही सरकारी विद्यापीठ व्यवस्थांसाठी ट्रान्सफरला लागणाऱ्या विषयांची एकच यादी करायला लावली. ‘कॅल-गेटसी’ ही ३४ युनिटांची (क्रेडिटांना तिथे युनिट म्हणतात) यादी २०२५ च्या सत्रापासून सुरू झाली. विद्यार्थ्याला आता दोन याद्यांचा ताळमेळ घालावा लागत नाही, ही मोठीच सोय. मात्र स्टेट युनिव्हर्सिटीच्या जुन्या यादीतला आजीवन शिक्षण आणि आत्मविकासाचा भाग तिच्यात नाही. आरोग्य आणि मनाची जडणघडण हे विषय बहुतेक त्याच भागात शिकवले जात.