खड्डा कोरडा, माती मात्र बोलते

शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकले जातात तिथे गटाराची लाइन सहसा नसते. घरातलं सांडपाणी ज्याच्या त्याच्या प्लॉटनेच पचवायचं. जमीन ते पचवेल का, हे बघायची लोकप्रिय पद्धत अशी: खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, चटकन जिरलं की जमीन पास.

हा समज अर्धाच खरा आहे. सेप्टिक टँकमध्ये मैल्याचं शुद्ध पाणी होत नाही. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं गढूळ पाणी रोगजंतू, अमोनियासकट पुढे जातं. (टँकमध्ये टाकायच्या जिवाणू-पावडरीच्या जाहिराती काहीही म्हणोत, लागणारे जिवाणू मैल्यासोबत फुकटच येतात.) खरी सफाई शोषचरांखालच्या (टँकमधून आलेलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांखालच्या) मातीत होते, तीही माती ओलसर पण चिंब नसताना. तेव्हा मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते आणि पाणी कणांना चिकटून हळूहळू उतरतं. अशी माती साधारण दोन ते चार फूट तरी हवी. भरड वाळूत पाणी इतकं भरभर उतरतं की ते पुरेसं गाळलं जाण्याआधीच भूजलाला मिळतं.

जिरण्याचा वेग मोजायची चाचणी 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेन्री रायन यांनी रूढ केली. तिची अडचण अशी की उन्हाने भेगाळलेली चिकणमाती पाणी गटागटा पिते. फुगून भेगा बुजल्या की त्याच खड्ड्यात पाणी दिवसभर उभं. म्हणून आधी खड्डा भिजवून ठेवतात. तरी निकाल त्या दिवसापुरताच. वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत भूजल कुठवर चढतं, ते कोण सांगणार?

मातीचा रंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला यापेक्षा सुंदर रसायनशास्त्र माहीत नाही.

मातीच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस लेप असतो. गंजच म्हणा ना. पाणी साचलं की हवेचा रस्ता बंद होतो, कारण ऑक्सिजन पाण्यातून हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. उरलासुरला ऑक्सिजन जिवाणू संपवतात. पण खाणं चालूच असतं आणि त्यात सुटणारे इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात: आधी नायट्रेटच्या, मग मँगनीजच्या, मग फेरिक लोहाच्या, म्हणजे त्या गंजातल्या लोहाच्या. फेरिकला एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं फेरस होतं, आणि फेरस पाण्यात विरघळतं. लेप निघून जातो, खालचा करडा कण उघडा पडतो. विरघळलेलं लोह मुळाच्या जुन्या वाटेशी, भेगेच्या कडेला हवा भेटली की पुन्हा गंजतं आणि तिथे केशरी ठिपका उमटतो. करड्या मातीवर केशरी ठिपके दिसले, तर पाणी तिथवर चढतं-उतरतं, आज खड्डा कितीही ठणठणीत कोरडा असो.

म्हणून जाणकार माणूस पाच-सहा फूट खोल चर खणायला लावतो, भिंत चाकूने खरवडतो, ढेकूळ ओलं करून मातीचे रंग ओळखायच्या मन्सेलच्या रंगपत्रिकेशी ताडून बघतो. मग चिमूटभर ओली माती अंगठ्याने दाबत तिची फीत काढतो. दोन इंचांहून लांब फीत न तुटता निघाली तर चिकणमाती भरपूर. रंगही कधी फसवतो. पूर्वी पाणथळ असलेल्या जमिनीत निचरा केल्यावरही जुने ठिपके राहतात, आणि सेंद्रिय पदार्थ नसलेल्या वाळूत पाणी साचूनही रंग हलत नाही.

सुटे प्लॉट पास झाले तरी सगळे मिळून नापास होऊ शकतात. हवेशीर मातीत अमोनियाचं नायट्रेट होतं. त्यावर ऋण भार, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे ते धरलं जात नाही आणि पाण्याबरोबर थेट खाली जातं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे, आणि एकाच भूजलावर किती घरं बसवायची हे त्यावरून ठरायला हवं.

शिवाय प्रत्येक प्लॉटवर दुसऱ्या शोषचराची जागा मोकळी ठेवावी लागते. पहिल्याच्या तळाशी जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर धरतोच आणि कधीतरी तो तुंबतो. तोवर त्या मोकळ्या जागेवर गाडीसाठी काँक्रीट ओतून झालेलं असतं.