स्टेंट बसला म्हणजे हृदय नवं झालं?

"अँजिओप्लास्टी झाली, ब्लॉकेज निघालं, आता गोळ्या बंद केल्या तरी चालतं." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. छातीतलं दुखणं थांबलेलं असतं, त्यामुळे तो पटतोही.

स्टेंट म्हणजे अँजिओप्लास्टीत हृदयाच्या धमनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. ती ब्लॉकेज काढत नाही. साचलेला थर धमनीच्या भिंतीकडे दाबून वाट मोकळी ठेवते, तीही तेवढ्याच दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. थर साचण्याचा आजार मात्र सगळ्याच धमन्यांचा. म्हणून पुढचा झटका कित्येकदा दुसऱ्याच, अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेल्या जागी येतो. शिवाय जाळीवर पेशींचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होऊ शकते. गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या साधारण 6 ते 12 महिने देतात त्या यासाठीच; त्यातली एक बहुधा पुढेही चालू राहते.

आपला धोका किती उरला आहे हे पडताळायचं असेल तर आधी डिस्चार्जचे कागद काढा. बाकीच्या धमन्यांत किती टक्के अडथळा उरला, ते अँजिओग्राफीच्या रिपोर्टात असतं. मग टूडी इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) 'ईएफ': प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा. 55 च्या वर बरा. 40 किंवा त्याखाली असेल तर धोका बराच वाढतो.

रक्ताच्या रिपोर्टात मात्र हमखास गफलत होते, आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. लॅबच्या कागदावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 100 पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं; हृदयविकार झालेल्यांसाठी ते 55 च्या खाली हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसीही बघा, कारण मधुमेहात स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त. डॉक्टर हे सगळे आकडे वय, रक्तदाब, किडनी यांच्यासोबत मांडून पुढच्या धोक्याचा अंदाज बांधतात.