टेंगूळ उतरतं, चिडचिड राहते: कन्कशनची थोडी पार्श्वभूमी

पोरगं डोक्यावर पडलं की आपण आधी बघतो रक्त आलं का, उलटी झाली का, आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला की जीव भांड्यात पडतो. मग आठ-दहा दिवसांनी तेच पोरगं पेन्सिलचं टोक मोडलं म्हणून वही भिरकावतं, मिक्सर लावला की कानावर हात ठेवून रडतं, आणि घरचे म्हणतात लाडावलंय. खरं तर कन्कशनमधे, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्यात, स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, बिघाड मेंदूच्या कामात असतो, फोटोत दिसत नाही.

डॉक्टरांना हे नवीन नाही हो. १९२४ साली अमेरिकेत स्ट्रेकर आणि एबॉ यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलांच्या मानसिक त्रासांवर पेपर लिहिला होता. पण १९३०च्या दशकात मेंदूवर संशोधन करणाऱ्या मार्गारेट केनार्डने मेंदूला इजा झालेल्या लहान-मोठ्या माकडांवर प्रयोग केले, त्यातून लोकांनी सोयीचा अर्थ काढला की लहान मेंदू आपोआप भरून येतो, तिने स्वतः इतकं सरसकट म्हटलं नव्हतं तरी.

१९८०च्या सुमारास लंडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या टीमने मुलांना मार लागल्यापासून पुढे फॉलो केलं. जबर मार लागलेल्यांत मानसिक त्रास स्पष्ट वाढलेले दिसले, पण हलका मार लागलेल्यांत बरीच मुलं आधीपासूनच वागायला अवघड होती, म्हणजे धडपडी मुलंच जास्त पडतात. मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच पोरगं आधी कसं होतं हे आईला विचारणं फार महत्त्वाचं. पण "आधीपासूनच तसा आहे" म्हणून विषय संपवणं मला अजिबात पटत नाही.

मग २००६, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड अमेरिकन फुटबॉलमधे डोक्यावर आपटला, त्याच मॅचमधे परत उतरला आणि नंतर कोसळला, कायमचं अपंगत्व आलं. त्याच्या नावाचा कायदा २००९ला झाला, संशय आला तरी खेळाडू बाहेर, डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले. पण सगळा भर मैदानावरच, घरातल्या रडारडीचं काय?

उलट भीतीने विश्रांतीचा अतिरेक झाला, अंधारी खोली, शाळा बंद, मित्र बंद. २०१५ला अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या अभ्यासात पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी एक-दोन दिवस घेतलेल्यांपेक्षा जास्त त्रास सांगितला. आता खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतरचा सल्ला असा की पहिले २४ ते ४८ तास आराम, स्क्रीन कमी, पण घरातल्या घरात वावरणं, हलकं चालणं लगेच सुरू.