खारीपुरती बंदूक

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याचा फोन आला. "मामा, शेजारचे आजोबा मला खारींच्या शिकारीला बोलावतायत. बंदूक कुठली घेऊ? तू एनसीसीत होतास ना?" मी इंदूरला आमच्या गच्चीत पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. माझ्याच पोह्यांतला एक शेंगदाणा पळवून एक खार कठड्यावर, दोन्ही हातांत धरून, तो सोलत बसली होती. आता काय उत्तर देणार?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. आपली पाच पट्ट्यांची खार जेमतेम शंभर ग्रॅमची, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला मारणं गुन्हा आहे. इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवर होळकरांचा शिकारखाना अजून उभा आहे, पण आता ते अभयारण्य आहे. अमेरिकेतली करडी खार मात्र चारशे ते सहाशे ग्रॅमची असते. तिथली फॉक्स खार तर किलोभरापर्यंत जाते. शरद ऋतूत त्यांच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो, परवाना लागतो, पेनसिल्व्हेनियात डोक्यावर-अंगावर भडक नारिंगी कपडा घालावा लागतो आणि मारलेली खार लोक घरी नेऊन रस्सा करून खातात. म्हणजे भाच्याचा प्रश्न खराखुरा होता. मला शिकारीत रस नाही, पण त्यातलं भौतिकशास्त्र टाळवेना.

मोठी बंदूक म्हणजे चांगली बंदूक, असं पटकन वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. खारीचं डोकं जेमतेम चार सेंटिमीटरचं. गोळी तिथे बसली तर थोड्याशा ऊर्जेतही जीव तत्काळ जातो. तिथे नाही बसली तर कितीही ऊर्जा असली तरी जनावर तडफडतं आणि मांस फुकट जातं ते वेगळंच. त्यामुळे बंदुकीत जोर किती, यापेक्षा काम झाल्यावर त्यातला किती शिल्लक राहतो आणि तो कुठे जातो, हे बघावं लागतं.

जोर मोजायचा ज्यूलमध्ये. आपल्या होळकर स्टेडियमवर एखाद्यानं ताशी १५० किलोमीटरनं चेंडू टाकला, तर १६० ग्रॅमच्या त्या चेंडूत सुमारे १४० ज्यूल ऊर्जा असते. पॉइंट टू टू (.२२ इंच व्यासाच्या) रायफलीची गोळी फक्त २.६ ग्रॅमची, पण नळीतून सेकंदाला ३३० मीटरनं सुटते. गणित करून बघा, तिचीही ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपासच येते. मग बॅट्समनच्या बरगडीवर चेंडू बसला तर काळानिळा डाग पडतो आणि गोळी मात्र आरपार जाते, असं का? चेंडूची रुंदी ७ सेंटिमीटर आणि गोळीची ५.७ मिलिमीटर. तेवढीच ऊर्जा दीडशेपट लहान जागेवर एकवटली की कातडी तग धरत नाही.

जत्रेत फुगे फोडायची जी छर्‍याची बंदूक असते, तिचं गणित दुसरं. तिच्यात दारू नसते, स्प्रिंगनं किंवा दाबलेल्या हवेनं छर्रा ढकलला जातो. ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरनं सोडते, म्हणजे जेमतेम सात ज्यूल. छर्रा हातात घेऊन बघा: पुढून डोकं, मध्ये कंबर बारीक आणि मागे पोकळ घागरा. बॅडमिंटनचं फूलच म्हणा. त्या घागर्‍याला हवा अडते आणि छर्रा नाक पुढे ठेवूनच जातो. किंमत मात्र मोजावी लागते, कारण तीच हवा त्याचा वेगही भराभर खाते. चाळीस-पन्नास मीटरवर त्याच्यात फारसं काही उरत नाही.

पण खारीला पुरतं का? पुरतं. ब्रिटनमध्ये १८७६ साली अमेरिकेतून आणून सोडलेल्या करड्या खारींनी तिथल्या तांबड्या खारींना बर्‍याच भागांतून हुसकावलं. त्यांना आवरायला तिथे एअर रायफल वापरतात आणि इंग्लंडमध्ये वेगळ्या परवान्याशिवाय तिची मर्यादा आहे सुमारे १६ ज्यूल. अट एकच: अंतर तीस मीटरच्या आत हवं आणि नेम डोक्याचा हवा. आपल्याकडे .१७७ इंच व्यासाची, २० ज्यूलपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय मिळते. ती कागदावर आणि डब्यांवर चालवायची, पाखरांवर नाही. अरुणाचलात २०२१पासून लोकांनी अशा एअरगन सरकारजमा करण्याची मोहीमच चालली. जंगलं मुकी व्हायला लागली होती म्हणून.

आता पॉइंट टू टू. ही माझ्या आवडीची, कारण आयुष्यात मी चालवलेली तेवढी एकच. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७चं आणि आजही जगात सर्वाधिक खपणार्‍यांतलं. मोठ्या काडतुसात ठिणगीची टोपी बुडाच्या मधोमध असते. याच्यात स्फोटक मसाला बुडाच्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो आणि घोड्याची टाचणी कडेवरच आपटते. उडवलेल्या केसच्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याच्या, कडेला नखानं दाबल्यासारखा चेपा दिसतो. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, साधारण ४० सेंटिमीटरमध्ये एक फेरा. भागाकार केला तर बाहेर पडणारी गोळी सेकंदाला आठशे गिरक्या घेत असते. भोवरा फिरता असेपर्यंत पडत नाही, तीच युक्ती.

हीच गोळी ऑलिंपिकला ५० मीटरवर चालते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते हिच्यावर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, खारीच्या डोक्याच्या पाव रुंदीचं. पन्नास मीटर जायला गोळीला ०.१५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली येते. म्हणून नेम धरायची माशी आणि खाच अशी बसवतात की नळी आपसूक किंचित वर रोखली जाते.

स्पर्धेची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण गोळी त्या वेगाच्या उंबरठ्यावरून खाली उतरताना हेलकावते. गंमत अशी की हा उंबरठा हवामानाप्रमाणे सरकतो. इंदूरच्या मे महिन्यात ४२ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३५६ मीटर असतो, डिसेंबरच्या पहाटे ८ अंशांना ३३६. म्हणजे ३४५ मीटरनं जाणारी गोळी उन्हाळ्यात नुसती फट् करेल आणि थंडीत चाबूक ओढल्यासारखी कडाडेल. भाच्याला मी सांगितलं, तुमच्याकडे नोव्हेंबरात थंडी, तेव्हा संथ काडतुसंच घे. दुसरी खार पळून जाणार नाही.

एनसीसीत आम्हाला पाच राउंड मिळत, झोपून, पंचवीस मीटरवर. माझ्या कागदावर तीन भोकं आणि शेजारच्या पोराच्या कागदावर सात. उस्ताद रागावले नाहीत. रेंज बंद झाल्यावर त्यांनी मला कागदामागच्या मातीच्या बांधापाशी नेलं, मातीत बोट घातलं आणि शिशाचा एक तुकडा बाहेर काढला. सदर्‍याच्या बटणाएवढा, चपटा, एका बाजूला फुटलेला. मग केस मोजून घेतल्या आणि मला चहाला पाठवलं.

खार तर झाडावर असते! तिच्यामागे बांध नाही, आभाळ आहे. सहाशे ग्रॅमचं जनावर १४० ज्यूल शोषूच शकत नाही, गोळी आरपार जाते किंवा नेम चुकतो आणि पुढचा प्रवास चालू राहतो. .२२च्या काडतुसांच्या डब्यांवर धोक्याचा पल्ला छापलेला असतो दीड मैल, म्हणजे २.४ किलोमीटर. इंदुरात राजवाड्यापासून निघालात तर पलासियाच्या दिशेनं बरंच पुढे जाल. म्हणून फांदीवरच्या खारीमागे जाडजूड बुंधा असल्याशिवाय जाणता शिकारी .२२ उडवत नाही.

तिथे मग बारा बोअरची बंदूक येते, एका बारात पुष्कळ छर्रे उडवणारी. बारा म्हणजे काय? नळीत नेमका बसेल असा शुद्ध शिशाचा गोळा घेतला तर एका पौंडात असे बारा बसतात. सहा नंबरच्या (नंबर छर्‍याच्या आकाराचा) काडतुसात एक औंसात सव्वादोनशेच्या आसपास छर्रे असतात, प्रत्येक २.८ मिलिमीटरचा. नळीबाहेर पडताना एकेका छर्‍यात नऊ-दहा ज्यूल, म्हणजे एअर रायफलच्या जातीचे सव्वादोनशे छर्रे एकदम. पण हलके आणि गोल असल्यानं ते दमतात लवकर, आभाळात गेलेले परत पडतात ते गारांच्या जोरानं. सुरक्षित खरी, पण ताटात दाताखाली शिसं येतं. ते शिसं खाऊन पाणपक्षी मरत म्हणून अमेरिकेनं १९९१पासून बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. खारींसाठी बहुतेक ठिकाणी ते अजून चालतात. मला ते पटत नाही.

जुन्या केंटकीतले शिकारी यावर आणखी एक तोडगा काढत. पक्ष्यांची चित्रं काढणार्‍या ऑड्यूबननं डॅनियल बून या म्हातार्‍या शिकार्‍याचं वर्णन लिहून ठेवलंय: गोळी खारीवर नाही, तिच्या पोटाखालच्या सालीवर मारायची. साल फुटून उडते आणि खार धक्क्यानंच मरते, अंगावर ओरखडा नाही. आज कुणी हे करून बघू नये.

भाच्यानं शेवटी .२२च घेतली, शिक्षणवर्गही केला. मागच्या आठवड्यात त्यानं कागदाचा फोटो पाठवला: पंचवीस यार्ड, पाच गोळ्या, आणि एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी चार भोकं. पाचवं कुठंय विचारलं तर म्हणाला, "मामा, ते आजोबांच्या कागदावर आहे."