पार्श्वभूमी : 'तंत्रस्नेही' हा शब्द आला कुठून, गेला कुठे

मोबाइलच्या चॅटबॉटवर मुलांची हजेरी नोंदवणे, त्यांच्या आधारची पडताळणी, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढणे या कामांवरून शिक्षक आणि शिक्षण खाते यांच्यात जी धुसफूस चालू असते, तिच्यात 'तंत्रस्नेही' हा शब्द दोन्ही बाजू वापरतात. अर्थ मात्र दोघांचा वेगळा असतो. खात्याच्या दृष्टीने तंत्रस्नेही शिक्षक म्हणजे जो माहिती वेळेत भरतो तो. शिक्षकांच्या मनात अजूनही दहा वर्षांपूर्वीचा अर्थ आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात शिक्षकाला करण्यासारखे फारसे नव्हते. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे इन्सॅट उपग्रहांच्या काळात आपले राज्य त्यात आले आणि १९८४ पासून पुण्यात 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम तयार होऊ लागले. शिक्षकाचे काम एवढेच, की मुलांना टीव्हीसमोर बसवायचे आणि त्या वेळी वीज असावी अशी आशा करायची. २००४ नंतर माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले, तेही कुलूप आणि किल्ली यांच्या हिशेबाने चालले.

खरा बदल वरून आला नाही. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत एका तरुण शिक्षकाने सौरऊर्जेवर चालणारा डिजिटल वर्ग उभा केला आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत दुसऱ्या एकाने पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. ते कोड पुढे राज्याच्या पुस्तकांत छापले जाऊ लागले आणि २०२० मध्ये त्या शिक्षकाला १० लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. या दोन शाळांची नावे सगळ्यांना माहीत आहेत. ज्यांची माहीत नाहीत असे शेकडो जण त्याच सुमारास रात्री ब्लॉग लिहीत होते, मोबाइलवर कवितांचे व्हिडिओ बनवत होते, निकालपत्रकाची एक्सेल फाइल तयार करून ग्रुपवर टाकत होते. 'तंत्रस्नेही' म्हणजे मुळात ही माणसे. कोणी नेमलेली नव्हती, ना भत्ता, ना पद.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयाने या वातावरणाला बळ दिले, हे मान्य केले पाहिजे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांच्या गटात) ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याची पद्धत, बघायला जावे, दुसऱ्याची शाळा पाहून यावे, याला प्रतिष्ठा मिळाली. मग लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. पण त्याच वेळी 'डिजिटल शाळा' मोजायला सुरुवात झाली, आणि मोजायचे म्हटले की व्याख्या सैल होते. एक एलईडी टीव्ही आणि पेनड्राइव्ह असला तरी शाळा डिजिटल. वीजबिल थकून मीटर काढून नेला तरी यादीत ती डिजिटलच. तालुक्यात तंत्रस्नेही शिक्षकांच्याही याद्या झाल्या, कार्यशाळा झाल्या. हौस होती तिचा हुद्दा झाला आणि हुद्द्यापाठोपाठ काम आले. 'सरल' पोर्टल त्याच २०१५ सालचे. सगळ्या मुलांची, शाळेची आणि शिक्षकांची माहिती ऑनलाइन भरायची. ज्याला येते त्याने केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांचीही भरून द्यायची. ज्याच्याकडे कालपर्यंत 'व्हिडिओ कसा बनवायचा' असे विचारणारे फोन यायचे, त्याला आता 'सर्व्हर कधी चालू होईल' असे विचारू लागले.

हा अर्थबदल उघड झाला तो सेल्फीच्या निर्णयात. ३ नोव्हेंबर २०१६ चा तो आदेश आज विनोदाने आठवला जातो, पण तो नीट वाचण्यासारखा आहे. शिक्षकाने जानेवारी २०१७ पासून दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढायचा आणि मुलांची नावे व आधार क्रमांक यांसह तो 'सरल'वर चढवायचा. हेतू वाईट नव्हता. सतत गैरहजर राहणारी मुले हळूहळू शाळाबाह्य होतात, ती वेळीच लक्षात यावीत, एवढाच तो होता. पण चाळीसच्या वर्गाला चार फोटो आणि चाळीस आधार क्रमांक, तेही आठवड्याच्या पहिल्या तासाला. फोन शिक्षकाचा, डेटा शिक्षकाचा. वाडीवर रेंज नाही. एकशिक्षकी शाळेत बाकीच्या वर्गांनी तोवर काय करायचे? मुलींचे फोटो कुठे साठवले जाणार? शिक्षक संघटनांनी विरोध केला, टिंगलही भरपूर झाली आणि निर्णय स्थगित झाला.

तेव्हाची चर्चा फोटोभोवतीच फिरली. माझ्या मते मुद्दा फोटोचा नव्हताच. गैरहजर मूल शोधायचे तर हजेरीपट होता आणि शिक्षकाला त्या मुलाचे घर माहीत होते. जे मूल फोटोत नाही, त्याच्या घरी कोणी जायचे, त्याला वेळ कुठून काढायचा, यासाठी आदेशात शिक्षकाच्या हातात नवे काही दिलेले नव्हते. तंत्रज्ञान पहिल्यांदा उघडपणे शिक्षकाकडे, त्याच्यावर नजर ठेवायला, वळवले गेले, आणि तेही ज्या शिक्षकांनी ते आपणहून वर्गात आणले होते त्यांच्याकडे. सेल्फी गेला. ही दिशा राहिली.

पुढचे सगळे याच दिशेचे आहे. २०१८ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या राज्यभर ऑनलाइन झाल्या. वशिला कमी झाला म्हणून अनेकांनी स्वागत केले, ते योग्यच. मात्र लोकवर्गणी मागून ज्याने वर्ग उभा केला, तो शिक्षक संगणकाच्या एका यादीने दुसऱ्या तालुक्यात गेला आणि मागे प्रोजेक्टरवर कापड पडले. उपकरणांसाठी निधी मिळत होता, गुरुजी बदलल्यावर ती चालवायची कोणी याची तरतूद नव्हती.

'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली. तीन वर्षांनी, टाळेबंदीत, राज्याला पुन्हा दूरदर्शनकडेच जावे लागले. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. व्हॉट्सअॅपवरून रोजची अभ्यासमाला जात होती, ती ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांच्यापर्यंत. बाकीच्यांसाठी शिक्षक झेरॉक्स घेऊन पारावर बसले. ऑक्टोबर २०२० पासून शिक्षकांसाठीचे केंद्राचे 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर आले. अठरा अभ्यासक्रम, प्रत्येकाला प्रमाणपत्र. किती जणांनी ते बघितले आणि किती जणांनी नुसते चालू ठेवले, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. अडलेल्या शिक्षकाला मदत मिळते ती आजही त्या जुन्या ग्रुपवर, कोणा अनोळखी सहकाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून.

डिसेंबर २०२३ मध्ये चॅटबॉटवर हजेरी आली. शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णयही २०२४ मध्ये निघाला. पण त्याआधीच संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवणे, आधारवैध पटाला (ज्यांचे आधार जुळले त्याच मुलांच्या संख्येला) जोडली गेली होती, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सगळ्यांत जड हेच. जन्मतारखेतला एक अंक जुळला नाही, की मूल समोर बसलेले असूनही पटावर मोजले जात नाही. अशी चार मुले असली तर एक पद जाऊ शकते. मग शाळा सुटल्यावर तंत्रस्नेही शिक्षक बाजाराच्या गावातल्या आधार केंद्रासमोर उभा असतो, मजुरीवरून यायच्या पालकाची वाट बघत.