टोपोशीटवरचा त्रिकोण, माथ्यावरचा ठिपका

जुन्या मोजणीच्या खुणा शोधत डोंगर हिंडायचं वेड असेल, तर सुरुवात घरी बसून करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्या आणि उंची दाखवणारा नकाशा, समोर घ्या. बेळगाव शहर ४८ आय या क्रमांकाच्या भागात येतं, निपाणी-चिकोडी ४७ एलमध्ये. काही माथ्यांपाशी इवलासा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा छापलेला असतो. तिथे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ठाणं आहे.

विल्यम लॅम्ब्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची आधाररेषा मोजायला घेतली, तेव्हापासूनचं हे काम. (हा गृहस्थ १८२३ साली विदर्भात, हिंगणघाटला वारला.) त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. मोजणीची साखळी ओढत दऱ्या ओलांडायला नकोत. समोरचा डोंगर मात्र दिसला पाहिजे.

ठाणं शोधणाऱ्यानेही हीच अट धरून चालावं. माथ्यावर पोचल्यावर पायाखाली बघण्याआधी चहूकडे बघा. ३० किलोमीटरवर पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमीन सुमारे ७० मीटर खाली गेलेली असते. हवेत प्रकाश वाकतो म्हणून त्यातले दहाएक मीटर परत मिळतात, तेवढंच. त्यामुळे गंगेच्या सपाट खोऱ्यात लॅम्ब्टननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टला मनोरे बांधावे लागले. आपल्याकडे सह्याद्रीने तो खर्च वाचवला.

शाळेत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश शिकवतात. तिन्ही बाजू ३० किलोमीटरच्या घेतल्या तर ती जवळपास २ सेकंदांनी जास्त भरते, कारण त्रिकोण सपाट कागदावर नाही, गोलावर आहे. सेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. असला बारीक फरक हिशेबात धरायचा म्हणून लॅम्ब्टनची माणसं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरावर चढवत होती. मला तर या साऱ्या उद्योगातली ही गोष्ट सगळ्यात भन्नाट वाटते.

आता मोबाइलची गोम. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये जसेच्या तसे घातले, तर आपल्या भागात शे-दीडशे मीटर बाजूला जाऊन पोचाल. ते नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर बेतलेले, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हींनी धरलेला पृथ्वीचा आकार आणि मध्यबिंदू वेगळा. डोंगरावर शे-दीडशे मीटर म्हणजे कधी कधी शेजारचंच टेंगूळ.

ठाण्याची खूण साधी असते: खडकावर कोरलेलं वर्तुळ, मधोमध ठिपका, भोवती दगडी चौथरा. पुष्कळदा वरच्या खुणेच्या बरोबर खाली दुसरी खूण पुरलेली असते, वरचा दगड हलला तरी जागा हरवू नये म्हणून. म्हणूनच ढिगारा उपसू नये. गुप्तधनवाले उपसतात, त्यांना काय सांगणार! खानापूरकडच्या सच्छिद्र जांभ्यावर कोरलेली रेघ लवकर झिजते, निपाणीकडचा काळा कातळ ती धरून ठेवतो. भर दुपारी सपाट दिसणारा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. ओंजळभर पाणी ओता. खोबणीत ते थबकतं, बाकीचा दगड वाळतो आणि ओलं वर्तुळ उमटतं. खरवडायची गरज नाही.

दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की निघावं. पावसात खानापूरच्या रानात धुकं आणि जळवा, दोन्ही. भीमगड अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

हातात नकाशा घेऊन माळावर दगड न्याहाळणाऱ्याला “मोजणीला आलाय काय ओ?” हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याच्या डोक्यात दगड निराळा असतो: सर्व्हे नंबरच्या हद्दीचा, महसुली मोजणीचा. मुंबई इलाख्यातल्या त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला १ गुंठा. बांधावरच्या या दगडाचा फोटोसुद्धा मालकाला विचारून काढा. त्याच्यावरून भावाभावांत दावा चालू असू शकतो.