टोकियोत मुक्काम ठरवताना: आधी स्टेशन, मग हॉटेल

सप्रेम नमस्कार,

टोकियोची सहल नक्की झाली की बहुतेक ग्राहक सर्वांत आधी विचारतात, "हॉटेल शहराच्या मध्यभागी आहे ना?" पण टोकियोला असा एकच मध्यभाग नाही. शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, गिंझा हे सगळे भाग आपापल्या परीने मध्यवर्तीच आहेत. जेआर या रेल्वे कंपनीची यामानोते ही गोल फिरणारी लाइन यांतल्या बहुतेक भागांना जोडते. तिच्यावर ३० स्टेशने आहेत आणि साडेचौतीस किलोमीटरची एक फेरी साधारण तासाभरात पूर्ण होते. शहराचा सारा व्यवहार रेल्वेवर चालतो. म्हणून आम्ही हॉटेल शोधताना आधी स्टेशन ठरवतो, आणि तुम्हीही तसेच करावे असा आमचा आग्रह आहे. खोली थोडी साधी मिळाली तर चालून जाते. चुकीच्या स्टेशनजवळचे हॉटेल मात्र रोज सकाळ-संध्याकाळ पाय दमवते.

कोणते स्टेशन?

तुमचे विमान कुठे उतरते आणि टोकियोनंतर तुम्ही कुठे जाणार, या दोन गोष्टींवर हे ठरते. नारिता विमानतळ शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, हानेदा त्या मानाने अगदी जवळ. नारिताहून स्कायलायनर गाडी निप्पोरी आणि उएनोला सुमारे ४० मिनिटांत आणते, त्यामुळे उएनो सोयीचे पडते. असाकुसाला तर दोन्ही विमानतळांवरून गाडी न बदलता जाता येते. देवळाच्या परिसरातला हा भाग संध्याकाळी लवकर शांत होतो. लहान मुले किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असली तर आम्ही बहुधा हाच सुचवतो.

पुढे शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनने क्योतो-ओसाकाकडे जायचे असेल, तर शेवटच्या एक-दोन रात्री टोकियो स्टेशन किंवा शिनागावाजवळ काढाव्यात. फुजी पर्वताकडच्या कावागुचिको तळ्याच्या बस शिंजुकूहून सुटतात. शिंजुकूत राहायचे तर पूर्व आणि पश्चिम बाजू यांतला फरक लक्षात घ्या. पूर्वेला काबुकिचो हा रात्रभर जागा असणारा भाग आहे. पश्चिमेला उंच इमारतींतली हॉटेले आहेत आणि तिथे रात्री बरीच शांतता असते. महानगर सरकारच्या कार्यालयाचा ४५व्या मजल्यावरचा निरीक्षण कक्षही याच बाजूला आहे. तिथून शहर विनामूल्य पाहता येते, तेव्हा ती संधी सोडू नका.

जाहिरातीत "स्टेशनपासून ५ मिनिटे" असे वाचले की एक प्रश्न जरूर विचारावा: कोणत्या एक्झिटपासून? शिंजुकू हे जगातले सर्वांत गर्दीचे स्टेशन. त्याला २०० हून अधिक एक्झिट आहेत, आणि फलाटावरून हव्या त्या एक्झिटपर्यंत पोहोचायलाच सहज १० मिनिटे जातात. दुसरी अडचण लिफ्टची. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट असते, पण ती एक-दोनच एक्झिटना. बाकी ठिकाणी जिने चढावे लागतात. मोठ्या बॅगा, बाबागाडी किंवा गुडघेदुखी यांपैकी काहीही असेल तर हॉटेलच्या अंतराआधी लिफ्ट कोणत्या एक्झिटला आहे ते पाहावे. बुकिंग करताना आम्ही हे तपासून तुम्हाला कळवतो.

गाड्या रात्रभर चालत नाहीत. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि पहाटे साडेचार-पाचपर्यंत रेल्वे बंद असते. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत टॅक्सीचे भाडे २० टक्क्यांनी वाढते. विमान रात्री उशिरा नारिताला उतरणार असेल, तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढणे खिशाला आणि प्रकृतीला बरे.

खोली मोजून घ्या

टोकियोत सर्वाधिक मिळतात ती "बिझनेस हॉटेल". ती स्वच्छ आणि भरवशाची असतात, पण खोली ११ ते १५ चौरस मीटरची. १२ चौरस मीटर म्हणजे तीन मीटर बाय चार मीटर, आणि त्यातच बाथरूमही आले. पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली असते, आणि मोठी बॅग जमिनीवर उघडली की दाराकडे जायला ती ओलांडावी लागते. एकट्याला हे पुरते. दोघांसाठी आम्ही किमान १८ चौरस मीटरची खोली धरतो, मग एखादी रात्र कमी करावी लागली तरी चालेल.

"सेमी-डबल" हा शब्द दिसला की थांबा. हा पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर. दोघांच्या नावाने तो सर्रास विकला जातो आणि स्वस्त दिसतो म्हणून लोक घेतात. दोन मोठ्या माणसांनी "ट्विन" मागावी, तिच्यात दोन वेगळे पलंग मिळतात. तिघांच्या खोल्या थोड्या आहेत, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला बहुधा दोन खोल्याच घ्याव्या लागतात. त्या एकाच मजल्यावर मिळाव्यात अशी विनंती बुकिंगच्या वेळीच नोंदवावी.

बाथरूम बहुतेक ठिकाणी एकसंध साच्याचे असते आणि त्याच्या दाराशी उंच पायरी असते. रात्री झोपेत ती लक्षात येत नाही, तेव्हा ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. धूम्रपानाची परवानगी असलेल्या खोल्या अजूनही काही हॉटेलांत आहेत. स्वस्त दर दिसला की खोली त्यांतलीच नाही ना, हे पाहावे.

माणसांचा आकडा खरा सांगा. जपानमध्ये भाडे अनेकदा खोलीवर नव्हे तर माणशी आकारले जाते, त्यामुळे दोघांच्या बुकिंगवर तिसऱ्याला ऐनवेळी राहता येत नाही. शाळेत न जाणारे लहान मूल आई-वडिलांच्या पलंगावर झोपणार असेल तर बहुतेक हॉटेले वेगळे पैसे घेत नाहीत. मात्र वयाची अट प्रत्येकाची निराळी असते, म्हणून मुलांची वये आम्हाला नक्की कळवा.

तारखा आणि पैसे

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साकुरा म्हणजे चेरीची फुले फुलतात. २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांच्या स्मरणाचा सण, आणि नोव्हेंबरात पाने रंगतात. या काळात दर चढतात आणि बऱ्या खोल्या आधी संपतात. फेब्रुवारीत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांमुळे बिझनेस हॉटेले भरतात, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. शनिवारची रात्र एरवीही महाग. साकुराचे अंदाज जाहीर होईपर्यंत थांबलात तर उशीर होतो. त्यामुळे विनाशुल्क रद्द करता येईल असे बुकिंग आधीच करून ठेवणे उत्तम. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, तिथेही असे बुकिंग उपयोगी पडते.

भाड्यावर १० टक्के उपभोग कर असतो. शिवाय टोकियोत २००२ पासून मुक्काम कर आहे. माणशी एका रात्रीचे भाडे १०,००० येनच्या आत असेल तर तो लागत नाही. १०,००० ते १४,९९९ येनला १०० येन आणि १५,००० पासून पुढे २०० येन, असे त्याचे दर ठरले. आता टक्केवारीने आकारणी करण्याचा तिथल्या सरकारचा बेत आहे, तेव्हा निघण्यापूर्वी चालू दर आमच्याकडून विचारून घ्या. काही हॉटेले हा कर काउंटरवर वेगळा घेतात. टीप देण्याची पद्धत नाही.

पोहोचल्यावर

चेक-इन साधारण दुपारी ३ वाजता आणि चेक-आउट सकाळी १० किंवा ११ ला. विमान सकाळी उतरले तरी खोली लगेच मिळत नाही, पण बॅगा काउंटरवर ठेवून घेतात. पासपोर्टची प्रत काढून घेतात, तो तिथला नियम आहे. वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा असतो.

जड सामान घेऊन रेल्वेत चढू नका. यामातो कंपनीने १९७६ साली घरपोच सामानाची "ताक्क्युबिन" सेवा सुरू केली, आणि आज हॉटेलच्या काउंटरवरूनच बॅग पुढच्या शहरातल्या हॉटेलात पाठवता येते. ती साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे वेगळे ठेवा. बॅग शिंकान्सेनमध्ये सोबत नेणार असाल तर तिची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज करून पाहा. ती १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर क्योतोच्या गाडीत मोठ्या बॅगेची सोय असलेली जागा आधी राखून ठेवावी लागते.

शाकाहारी ग्राहकांनी नाश्त्यासह बुकिंग घेण्याआधी आमच्याशी बोलावे. भाजी दिसणाऱ्या पदार्थातही माशाचा "दाशी" रस्सा असू शकतो. अशा वेळी नाश्त्याशिवायचा दर घेऊन बाहेर खाणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

बुकिंगसाठी आम्हाला विमानाच्या वेळा, प्रत्येकाचे वय, बॅगांची संख्या, जिने चढण्यातली अडचण आणि पुढचे शहर एवढे कळवा. निघण्याआधी आम्ही एक कागद देऊ. त्यावर हॉटेलचे नाव व पत्ता जपानी लिपीत, हॉटेलचा फोन आणि लिफ्ट असलेल्या एक्झिटचा क्रमांक असेल. टोकियोतले पत्ते रस्त्याच्या नावाने नव्हे तर विभाग आणि ब्लॉकच्या क्रमांकांनी चालतात, त्यामुळे टॅक्सीत बसल्यावर चालकाला तोंडी सांगत न बसता तो कागदच दाखवा.